तापलेल्या मोटारीचे जाबजबाब

वैशाखाच्या ऐन मध्यान्ही वर्ध्याहून कोणत्याही दिशेने निघावे, सेलूवरून बुटीबोरीकडे, देवळीवरून यवतमाळकडे किंवा वायगावच्या वाटेने हिंगणघाटाकडे, तर रस्त्याच्या कडेला कडुनिंबाच्या विरळ सावलीत बॉनेट उघडून वाफ सोडीत उभी राहिलेली एखादी वयस्क मोटार दृष्टीस पडल्यावाचून सहसा राहत नाही. मालक पाण्याची बाटली हातात घेऊन उभा असतो. भोवती जमलेल्या तिघा-चौघांपैकी एकाच्या मते रेडिएटर चोंदलेला असतो, दुसऱ्याच्या मते वॉटर पंप गेलेला असतो, तिसरा मान हलवून ‘गास्केट उडालं भाऊ’ असा अखेरचा निकाल देऊन मोकळा होतो. आणि या सर्वांचे ज्या एका गोष्टीवर एकमत होते ती ही की, जेथे माणसाचा जीव कासावीस होतो तेथे यंत्राची काय कथा! ऊनच असे आहे.

प्रस्तुत लेखाचा रोख या एकमताविरुद्ध आहे. ऊन हे इंजिन तापण्याचे मूळ कारण क्वचितच असते. वर्षभर लपून राहिलेला दोष ते फक्त उघडकीस आणते. रेडिएटरमधून हवेत किती उष्णता जाईल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील अंतरावर अवलंबून असते. रेडिएटरमधले पाणी ९० अंश सेल्सियसला आहे आणि पौषातल्या दुपारी बाहेरची हवा २८ अंशांवर आहे असे धरले, तर हे अंतर ६२ अंशांचे होते. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४६ वर गेला की तेच अंतर ४४ वर येते, म्हणजे एकही भाग बिघडलेला नसताना त्याच रेडिएटरची शक्ती सुमारे तीन-दशांशांनी घटते. गाडी रेखाटणाऱ्या अभियंत्याने एवढी तूट गृहीत धरून शिल्लक राखलेली असते, म्हणूनच नवी गाडी मे महिन्यातही मुकाट्याने चालते. परंतु वीस-पंचवीस वर्षांत ती शिल्लक थोडी चुन्याने, थोडी धुळीने, थोडी सैल पट्ट्याने खाऊन टाकलेली असते, आणि दिवाळीत किंवा संक्रांतीला ही वजावट कोणाच्या ध्यानातही येत नाही. जी मोटार हिवाळ्यात ‘अगदी ठीक’ होती ती एप्रिलमध्ये एकाएकी ‘बिघडते’, याचा उलगडा एवढाच आहे की ती हिवाळ्यातही ठीक नव्हती.

जुनी मोटार म्हणताना डोळ्यांपुढे आहेत त्या तीन: कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, १०८९ घनसेंटीमीटर इंजिनाची आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी हे नाव धारण करणारी प्रीमियर फियाट, बंगालमधील उत्तरपाड्याची, २०१४ पर्यंत तयार होत राहिलेली ॲम्बॅसॅडर, आणि १९८३ च्या डिसेंबरात अवतरून पुढची तीस वर्षे मध्यमवर्गीयांचे अंगण भूषविणारी ७९६ घनसेंटीमीटरची मारुती ८००. एम्एच् ३२ या वर्ध्याच्या क्रमांकाने सुरू होणाऱ्या मारुत्या अद्याप आर्वीच्या, पुलगावच्या, समुद्रपूरच्या बाजारात रोज दिसतात. पद्मिनी आणि ॲम्बॅसॅडर आता बहुधा हौशी माणसांच्या आश्रयाला आहेत. तथापि तापण्याच्या बाबतीत तिघींचे शास्त्र एकच आहे.

पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा स्थूलमानाने एकतृतीयांश भाग, जुन्या इंजिनांत तर त्याहूनही कमी, चाके फिरविण्याच्या कामी येतो. तितकाच भाग धुराड्यावाटे निघून जातो. आणि उरलेला सिलिंडरच्या भिंतींत व त्यांच्यावरील झाकणात, म्हणजे हेडमध्ये, शिरतो. जळत्या वायूचे तापमान क्षणभर २००० अंशांच्याही वर जाते, आणि ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळते. या उष्णतेचा बंदोबस्त करण्यासाठी सिलिंडरभोवती पाण्याच्या वाटा ठेवलेल्या असतात. पंप ते पाणी फिरवितो, तापलेले पाणी वरच्या होज पाईपने रेडिएटरमध्ये जाते, बारीक नळ्यांतून उतरताना निवते, आणि खालच्या पाईपने पुन्हा इंजिनात येते. १९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत, आरंभीच्या अडीचेक हजार गाड्या सोडल्या, तर हा पंपसुद्धा नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढते आणि निवलेले जड होऊन खाली येते एवढ्या निसर्गनियमावर ती गाडी जगभर चालली. आजच्या मालकाने एवढेच लक्षात ठेवावे की या वर्तुळात पाणी पुरेसे असणे, ते फिरणे आणि रेडिएटरच्या जाळीतून हवा खेळणे, या तीन गोष्टींखेरीज चौथी कोणतीही जादू नाही. तपास करावयाचा तो प्रथम या तिहींपैकी कोठे खंड पडला याचाच.

असे असूनही आपल्याकडे हा तपास होत नाही. होते ती बदलाबदली. आज थर्मोस्टॅट, उद्या पंप, परवा रेडिएटर, असे एकेक भाग बदलीत जावे आणि ज्या भागापाशी गाडी तापायची थांबेल तो गुन्हेगार मानावा, ही पद्धत मिस्त्रीला सोयीची आणि मालकाला फार महागाची आहे. वास्तविक पाना हाती घेण्यापूर्वी गाडीचे नीट जाबजबाब झाले तर अर्धा तपास तेथेच संपतो.

पहिला प्रश्न असा की, गाडी खरोखरच तापली आहे काय? डॅशबोर्डवरचा काटा हा साक्षीदार आहे आणि तोही म्हातारा झालेला आहे. इंजिनातील तापमान टिपणाऱ्या सेन्सरची तार कोठे कातडे सोलून गाडीच्या पत्र्याला टेकली की बऱ्याच गाड्यांत काटा एकदम लाल रेषेला जाऊन चिकटतो आणि पाणी मात्र कोमट असते. इग्निशन चालू करताच, म्हणजे थंड इंजिनावरच, काटा वर उडाला तर दोष तारेचा आहे हे उघड होय. याच्या उलट प्रकार अधिक धोक्याचा. पाणी बाहेर निघून गेले की सेन्सर कोरडा पडतो, पाण्याऐवजी हवेत किंवा वाफेत राहतो, आणि काटा चढता चढता एकाएकी खाली येतो; चालकास वाटते की संकट टळले, पण त्याच क्षणी हेड वाकावयास लागलेले असते. काट्याची ही अकस्मात उतरण कधीही शुभ मानू नये. हल्ली हातात धरून दुरून तापमान सांगणारी इन्फ्रारेड थर्मामीटरे अगदी माफक किमतीत मिळतात. त्यातले एक जवळ ठेवावे. मात्र त्याचा रोख चकचकीत धातूवर न धरता रबरी होजवर किंवा काळ्या पृष्ठभागावर धरावा, कारण उजळ धातू त्याला हटकून फसवितो आणि आकडा खराहून कमी दाखवितो.

दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी वेळा विचारला जाणारा: गाडी तापते ती केव्हा? रेल्वेफाटकापाशी उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागताच निवते, की बाजारात बिनतक्रार फिरते आणि महामार्गावर ८० च्या वेगाला तापते? ही दोन उत्तरे दोन निरनिराळ्या दिशांना नेतात. उभ्या गाडीला वारा नसतो. जाळीतून हवा ओढण्याचे सारे काम पंख्याला करावे लागते. म्हणून उभ्याने तापणाऱ्या गाडीत पंखा पहावा. पद्मिनी-ॲम्बॅसॅडरसारख्या गाड्यांत तो पट्ट्यावर फिरतो, तेव्हा पट्टा दोन पुल्यांच्या मध्यावर अंगठ्याने दाबून पहावा. साधारण अर्ध्या इंचाहून अधिक दबत असेल, किंवा त्याची आतली बाजू चकाकत असेल, तर तो घसरतो आहे. मारुती ८०० मध्ये पंखा विजेवर चालतो आणि पाणी ठरावीक तापमानाला आले म्हणजे एका स्विचच्या हुकमाने सुरू होतो. तो स्विच, त्याचा फ्यूज, रिले किंवा मोटार यांपैकी काहीही गेले तरी गाडी गावातच तापते. एक चमत्कारिक दोष असाही आढळतो की दुरुस्तीत तारांची अदलाबदल होऊन पंखा उलटा फिरू लागतो. फिरताना तो दिसतो, आवाजही करतो, पण हवा आत ओढण्याऐवजी पुढे फेकतो. रेडिएटरपुढे कागदाचा कपटा धरला की तो जाळीला चिकटतो की दूर उडतो यावरून याचा निकाल क्षणात लागतो. पंख्याभोवतीचे पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे कडे, जे एखाद्या दुरुस्तीत काढले गेले आणि ‘याचं काही काम नाही’ म्हणून पुन्हा बसविलेच नाही, तेही पहावे. त्याचे काम आहे. त्यावाचून पंखा जाळीच्या मधल्या वर्तुळापुरतीच हवा ओढतो आणि चारी कोपरे निकामी राहतात.

वेगात तापणाऱ्या गाडीची कैफियत निराळी. तिथे वारा भरपूर असतो, पण इंजिन अधिक पेट्रोल जाळीत असल्यामुळे उष्णताही भरपूर असते, आणि ती वाहून नेण्यास पाणी कमी पडते. नागपूर-अमरावती रस्त्यावर तळेगावजवळचा सत्याग्रही घाट हा या दृष्टीने जिल्ह्यातील जुना परीक्षक होता. आता त्याच्या जोडीला समृद्धी महामार्ग आला आहे. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाल्यापासून, ज्या गाड्यांनी आयुष्यात सलग अर्धा तास ९० चा वेग पाहिला नव्हता त्या तासन्‌तास तसल्या वेगाने धावू लागल्या, आणि गावात कधीच तक्रार न करणारा अर्धा चोंदलेला रेडिएटर तेथे उघडा पडू लागला. अशा गाडीत प्रथम रेडिएटरच्या नळ्या पहाव्या. इंजिन तापवून बंद करावे आणि थर्मामीटर जाळीवर फिरवावा. कडेपासून कडेपर्यंत तापमान क्रमाने उतरत गेले तर ठीक, पण मध्येच एखादा पट्टा हवेइतकाच थंड लागला तर तेथून पाणी वाहत नाही असे समजावे. नंतर खालचा होज पाईप. हा पंपाच्या ओढीच्या बाजूस असल्यामुळे जुनाट रबर मऊ झाले आणि आतली स्प्रिंग गंजून गेली की इंजिनाचा वेग वाढताच तो आतल्या आत चपटा होतो, आणि वेग कमी करताच पूर्ववत दिसतो. तेव्हा एकाने इंजिन रेझ करावे आणि दुसऱ्याने पंख्यापासून हात राखून त्याच्याकडे पाहावे. बंद इंजिनात नुसते पाहून हा दोष कधी सापडत नाही.

येथे वर्धा जिल्ह्याची म्हणून दोन कारणे विस्ताराने सांगितली पाहिजेत, कारण पुण्या-मुंबईकडच्या मार्गदर्शक पुस्तकांत ती आढळत नाहीत.

पहिले कापसाचे. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, सिंदी या बाजारपेठा आणि त्यांच्या आसपासचे जिनिंगचे कारखाने हिवाळ्यात भरात असतात. कापसाच्या गाड्या रस्त्याने जातात आणि त्यांच्यामागे सरकीला न चिकटलेली मऊ तंतूंची पुंजकी वाऱ्यावर उडत राहतात. ती पुंजकी रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसतात. त्यांवर काळ्या मातीची धूळ बसते, एखाद्या अवकाळी सरीने तिचा चिखल होतो, आणि फेब्रुवारीच्या उन्हात त्याचे अस्तर तयार होते. गाडीला नंतर बसविलेला एसी असेल तर रेडिएटरपुढे त्याचा कंडेन्सर असतो आणि हे अस्तर त्या दोघांच्या मधल्या फटीत, बाहेरून मुळीच न दिसणाऱ्या ठिकाणी जमते. मालक पुढून पाहतो, त्याला जाळी स्वच्छ दिसते, आणि तो निश्चिंत होतो. म्हणून कापसाचा हंगाम उतरला की कंडेन्सर सैल करून मागून पुढे, म्हणजे हवा येते त्याच्या उलट दिशेने, मंद धारेचे पाणी सोडून जाळी धुवावी. सर्व्हिस सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने पातळ पंख वाकतात आणि उपायच अपाय होऊन बसतो.

दुसरे पाण्याचे. हा सारा प्रदेश काळ्या बसाल्टच्या खडकावर वसलेला असून त्यातून येणारे विहिरीचे व बोअरचे पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांनी जड असते. ज्या घरात गीझर आहे त्या घरास हे सांगावयास नको. पाणी तापले की त्यातील विरघळलेला बायकार्बोनेट विघटित होऊन चुन्याचा थर धातूवर बसतो, आणि नेमका तो सर्वांत उष्ण ठिकाणी, म्हणजे एक्झॉस्ट वॉल्व्हच्या भोवती, आणि रेडिएटरच्या नळ्यांतही बसतो. तांबे ज्या सहजतेने उष्णता वाहते तिच्याशी तुलना केली तर हा थर शेकडो पटींनी आडमुठा आहे. पण यातली खरी मेख पुढेच आहे. एकदा भरलेल्या पाण्यात चुना मर्यादितच असतो. तो बसून गेला की नवा येत नाही. जी गाडी ‘पाणी पिते’, म्हणजे जिच्यात कोठेतरी बारीक गळती असून मालक रोज सकाळी बोअरचे एक तांब्याभर पाणी तिला पाजतो, त्या गाडीत मात्र रोज नवा चुना दाखल होतो. गळती चार थेंबांची असते आणि तिची नुकसानभरपाई म्हणून ओतलेले पाणीच दोन-तीन वर्षांत रेडिएटर बंद करते. रोज पाणी घालणे ही गाडीची निगा नव्हे, हे आपल्याकडच्या निष्ठावान मालकांना पटविणे कठीण जाते, कारण त्यांचे वडीलही तेच करीत आले.

यावर तजवीज सोपी आहे. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड पाण्याचे कॅन मिळतात. तेच पाणी व चांगल्या प्रतीचे कूलंट निम्मे-निम्मे मिसळून भरावे. कूलंट केवळ बर्फाळ देशांसाठी असते ही समजूत चुकीची होय. त्यातील ग्लायकॉल उत्कलनबिंदू वर नेते आणि त्यातील गंजरोधक द्रव्ये लोखंड व ॲल्युमिनियम यांना एकत्र नांदू देतात. तथापि केवळ कूलंट ओतूनही भागत नाही, कारण उष्णता सामावण्याची त्याची शक्ती पाण्याहून कमी असते. बसलेला थर काढण्यासाठी सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण फिरवून भरपूर पाण्याने धुणे हा मार्ग आहे. संडास धुण्याचे आम्ल ओतण्याचा जो अघोरी प्रकार काही ठिकाणी चालतो त्याने चुन्याबरोबर ॲल्युमिनियमचे हेडही खाल्ले जाते. आणि मालकाने मनाची तयारी ठेवावी की फार जुना थर निघताच रेडिएटर गळू लागण्याचा संभव असतो. ती भोके पूर्वीपासून होतीच, चुन्याने बुजविलेली होती. पद्मिनी-ॲम्बॅसॅडरच्या पितळी-तांब्याच्या रेडिएटरची वरची टाकी डाख सोडवून काढता येते आणि नळ्यांतून सळया घालून त्या साफ करता येतात. हे काम करणारे रेडिएटरवाले अजून जुन्या बाजारांत आहेत, आणि ते नवीन रेडिएटरहून पुष्कळ स्वस्तात होते. ॲल्युमिनियमच्या, प्लास्टिकच्या टाक्या बसविलेल्या रेडिएटरला हा उपचार लागू नाही. तो बदलावाच लागतो.

आता थर्मोस्टॅटविषयी, ज्यावर आमच्या मिस्त्रीमंडळींचे मत ठाम आहे: ‘काढून फेका भाऊ, आपल्याकडे कुठं थंडी पडून रायली?’ हे मत सर्वस्वी अडाणीपणाचे नाही, ही कबुली प्रथम दिली पाहिजे. थर्मोस्टॅट ही मेणाच्या गोळीवर चालणारी झडप आहे; साधारण ८२ अंशांना मेण वितळून फुगते, झडप उघडते, आणि तोवर अडविलेले पाणी रेडिएटरकडे जाऊ लागते. ती बंद स्थितीत अडकली तर पाच-दहा मिनिटांत इंजिन उकळते. वरचा होज थंड आणि इंजिन धगधगीत, ही तिची निःसंदिग्ध खूण. जिथे खात्रीचा नवा भाग मिळत नव्हता, तिथे अडकणारी झडप काढून टाकणे हा व्यवहारी शहाणपणा होता. परंतु आता भाग मिळतो, आणि झडपेवाचून इंजिन आपल्या योग्य तापमानाला पोचावयास फार वेळ लावते. तोवर पेट्रोल अधिक जळते, तेलात ओल राहते, सिलिंडर झिजतात. शिवाय काही इंजिनांत झडप उघडताना एक आडवाटही बंद होत असते. झडप काढली की ती आडवाट कायमची उघडी राहते आणि पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाता इंजिनातल्या इंजिनात फिरत राहतो, म्हणजे तापू नये म्हणून केलेली तजवीजच तापण्यास हातभार लावते. संशय असेल तर झडप दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात टांगावी, शेजारी थर्मामीटर धरावा, आणि तिच्यावर कोरलेल्या अंकाच्या आसपास ती उघडते की नाही हे डोळ्यांनी पाहावे. जी परीक्षा स्वयंपाकघरातल्या चुलीवर होते तिच्यासाठी अंदाजावर विसंबण्याचे प्रयोजन नाही.

रेडिएटरच्या टोपणाकडेही कोणी पाहत नाही, कारण ते टोपण आहे. वास्तविक ती दुहेरी झडप आहे. आतला दाब ती राखून धरते, आणि दाब वाढला की उत्कलनबिंदू वर चढतो. वर्ध्याच्या उंचीवर उघडे पाणी १०० अंशांच्या किंचित आधीच उकळते, पण वातावरणाहून सुमारे ०.९ बार अधिक दाब धरणाऱ्या टोपणाखाली तेच ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. टोपणाचे रबर कडक झाले, दाब गेला, की निर्दोष इंजिनातले पाणीही मे महिन्यात रेडिएटरशेजारच्या जादा पाण्याच्या बाटलीकडे धाव घेते. आणि गाडी निवल्यावर बाटलीतले पाणी परत ओढून घेणारी दुसरी झडप निकामी असेल तर ते तेथेच राहते. बाटली काठोकाठ आणि रेडिएटर रिकामा, असे दृश्य दिसले तर सर्वांत प्रथम टोपण बदलावे. एवढ्या स्वस्त भागाने सुटणारे कोडे दुसरे नाही.

तापण्याची कारणे पाण्याच्या मार्गाबाहेरही असतात. पद्मिनी व ॲम्बॅसॅडरमधील सीबी पॉइंटचे, म्हणजे ठिणगीची वेळ ठरविणाऱ्या स्पर्शबिंदूंचे, अंतर झिजून कमी झाले की ठिणगी उशिरा पडते. वायू उशिरा जळतो, एक्झॉस्टच्या वाटेत शिरतानाही जळत राहतो, आणि जी उष्णता पिस्टनला ढकलण्यात खर्ची पडावयाची ती हेडच्या पाण्यात जाते. गाडीचा जोर कमी झाला आहे आणि ती तापतेही आहे, अशी जोडतक्रार असेल तर टायमिंग पहावे. अलीकडे पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढल्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरमध्ये हवेच्या मानाने इंधन थोडे विरळ पडते, तेही ट्यूनिंगच्या वेळी हिशेबात धरावे. एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहिला तरी इंजिनास अखंड ओझे ओढावे लागते. थोड्या प्रवासानंतर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिले तर धरणारे चाक धगीने ओळखू येते.

सर्वांत भीतीचा प्रश्न हेड गास्केटचा, म्हणजे हेड व सिलिंडर यांच्या मधल्या पातळ पत्तीचा. हे नाव भर रस्त्यात ज्या सहजतेने उच्चारले जाते तितक्या सहज ते सिद्ध मानू नये, कारण त्याच्या पाठोपाठ हेड उतरविणे, ते फेसिंगला देणे आणि मोठा खर्च येतो. त्याचे पुरावे स्वतंत्रपणे रुजू झाले पाहिजेत. रात्रभर निवलेले इंजिन सुरू करताच एक-दोन मिनिटांत, पाणी तापण्यापूर्वीच, वरचा होज दगडासारखा टणक होतो काय? टोपण उघडे ठेवून सुरू केलेल्या थंड इंजिनात पाण्यातून एकसारखे बुडबुडे येतात काय? धुराड्यातून पांढरी वाफ दुपारपर्यंत निघतच राहते काय? सर्व प्लगांपैकी एकच नव्यासारखा धुतलेला दिसतो काय? कम्प्रेशन मोजले असता शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवितात काय? तेलाच्या टोपणाखाली आढळणाऱ्या पिवळट मलईने एकट्याने घाबरून जाऊ नये, थोडेथोडेच चालणाऱ्या गाडीत ती हवेतल्या दमटपणानेही धरते. डिपस्टिकवरचे तेलच दुधाळ असेल तर गोष्ट वेगळी. काही गॅरेजांत एक निळे रसायन असते; रेडिएटरच्या तोंडावरील हवा त्यातून ओढली असता ते पिवळे झाले तर जळलेला वायू पाण्यात शिरला आहे याची खात्री पटते. आणि हेही ध्यानात ठेवावे की गास्केट बहुधा आधी जात नाही, तापल्यामुळे जाते. मारुतीचे ॲल्युमिनियमचे हेड एकदोनदा उकळल्याने वाकते. ॲम्बॅसॅडरचे ओतीव लोखंडाचे हेड बराच छळ सोसते. ज्या रेडिएटरमुळे ते प्रथम उकळले तो तसाच ठेवून नवे गास्केट घातले, तर सहा महिन्यांनी तोच खर्च पुन्हा येतो. जिल्ह्यातल्या पुष्कळशा गाड्यांची विक्री याच वळणावर होते.

एक खोटी फिर्यादही ओळखता यावी. भर उन्हात जुनी गाडी आचके देऊन बंद पडते, पुन्हा सुरू होत नाही, आणि लोक म्हणतात तापली. पण काटा मध्यावर असतो, वाफ नसते, पाणी जागच्या जागी असते. येथे पाणी नव्हे तर पेट्रोल उकळलेले असते. इंजिनाच्या अंगाला चिकटून बसविलेल्या पेट्रोल पंपात व नळीत वाफेचा बुडबुडा अडकतो आणि पंप इंधन ओढू शकत नाही. पंपावर ओले फडके ठेवण्याची फियाटवाल्यांची जुनी रीत शास्त्रशुद्ध आहे. त्या गाडीचा रेडिएटर उतरविण्याचे काही कारण नाही.

रस्त्यात गाडी खरोखरच तापू लागली तर एसी ताबडतोब बंद करावा आणि, कितीही क्लेशकारक वाटले तरी, हीटर पूर्ण उघडून त्याचा पंखा लावावा. तो एक छोटा रेडिएटरच आहे. तरीही काटा चढत राहिला किंवा वाफ दिसली तर सावली शोधण्याच्या नादात आणखी मैलभर न जाता गाडी तेथेच बंद करावी. टोपणाला अर्धा-पाऊण तास हात लावू नये. वरचा होज दाबून तो मऊ लागेपर्यंत आत दाब आहे असे मानावे. दाब एकदम सुटताच ११० अंशांचे पाणी क्षणात वाफ होऊन चेहऱ्यावर येते. आणि निवण्यापूर्वी थंडगार पाणी ओतू नये, तापलेल्या लोखंडाला त्याने तडा जातो.

दुरुस्ती झाल्यावर ती खरी झाली की नाही हे मात्र गॅरेजच्या दारात ठरत नाही. ज्या परिस्थितीत गाडीने तक्रार केली होती त्याच परिस्थितीत ती पुन्हा चालविली पाहिजे: उभ्याने तापत होती तर दुपारी दोन वाजता बॉनेट मिटून वीस मिनिटे उभ्याने, वेगात तापत होती तर घाट चढून. आषाढात बदललेल्या पंपाने गाडी तापायची थांबली यात पंपाचे श्रेय किती आणि पावसाचे किती हे कोणालाच सांगता येत नाही. त्या दुरुस्तीचे पैसे देऊन टाकावे, पण निकाल पुढच्या चैत्रापर्यंत राखून ठेवावा. तोवर दर महिन्याला एकदा, प्रवास संपताच, वरच्या व खालच्या होजचे तापमान आणि त्या वेळचे बाहेरचे तापमान बॉनेटच्या आतल्या बाजूस चिकटविलेल्या कागदावर तारीखवार लिहीत जावे.